वायर रोज लावणार असाल, तरच दोन इंधनांची गाडी!

मुरबाडच्या एसटी स्टँडसमोर सकाळी चहाला उभे राहिले की पाऊस, भेंडी आणि बाजारभाव यांच्या जोडीला हल्ली चौथा विषय निघतोच, तो म्हणजे गाडीचा. समृद्धी महामार्गात शहापूर, कल्याण आणि भिवंडी तालुक्यांतल्या जमिनी गेल्या. वडोदरा-मुंबई द्रुतगती मार्गात भिवंडी, कल्याण, अंबरनाथकडच्या गेल्या. मोबदला हातात आला की घर, मुलीचे लग्न आणि त्यानंतर गाडी, असा क्रम गावोगाव दिसतो. जमीन एकदाच जाते आणि पैसाही एकदाच येतो. म्हणून गाडी घेताना चार आकडे मांडून पाहिलेले बरे.

परवा असाच एक विषय निघाला. परदेशात असलेल्या भाच्याकडे एकाने एक गाडी पाहिली होती. तो सांगत होता, "दादा, लाइटीवर पण चालते आन् पेट्रोलवर पण. रात्री वायर लावायची, सकाळी निघायचं. लाइट संपली तर पेट्रोल हाय. मंग नडलं कुठं?"

नडते कुठे, तेच आज पाहू.

एका नावाच्या तीन गाड्या

शोरूममध्ये 'हायब्रिड' हा शब्द सर्रास वापरतात. पण त्या शब्दाखाली तीन वेगवेगळ्या गाड्या आहेत, हे शेतकरी बांधवांनी आधी समजून घ्यावे.

पहिल्या प्रकारात छोटी बॅटरी इंजिनाला नुसता हात लावते. गाडी चालते पेट्रोलवरच. दुसऱ्या प्रकारात बॅटरी आणि मोटर बऱ्यापैकी मोठी असते. गर्दीत, कमी वेगात गाडी काही अंतर विजेवर जाते. ब्रेक लावताना आणि उतारावर बॅटरी आपोआप भरते. २०२२ मध्ये आलेल्या मारुतीची ग्रँड विटारा, टोयोटाची हायरायडर आणि इनोव्हा हायक्रॉस यांची हायब्रिड मॉडेल्स या प्रकारातली. मात्र त्यांना घरची वायर लावता येत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे प्लग-इन हायब्रिड. हिची बॅटरी साधारण १० ते २० युनिट मावणारी. ती घरच्या सॉकेटवर भरायची. त्यावर ४० ते ८० किलोमीटर जाता येते आणि पुढे पेट्रोलचे इंजिन आहेच. चीनमधल्या बीवायडी कंपनीने २००८ च्या डिसेंबरमध्ये अशी गाडी प्रथम मोठ्या प्रमाणावर विक्रीला आणली, अमेरिकेत २०१० मध्ये शेवरोलेची व्होल्ट आली. आपल्याकडे २०१६ मध्ये व्होल्वोने एक्ससी-९० टी-८ आणली, तिची किंमत सव्वा कोट रुपये! त्यानंतरही या प्रकारातल्या ज्या गाड्या आल्या, त्या बड्या लोकांच्याच. शेतकऱ्याच्या आवाक्यातली प्लग-इन हायब्रिड २०२५ पर्यंत तरी आपल्या बाजारात आलेली नव्हती.

तेव्हा विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा, "या गाडीला वायर लावायची जागा कुठे आहे?" जागा नसेल तर ती पहिल्या दोन प्रकारांतली, हे पक्के.

मुरबाड ते कल्याण, रोजचा हिशोब

आता खर्च पाहू. मुरबाडहून कल्याणला बाजार समितीत, कोर्टात किंवा प्रांत कार्यालयात जाऊन-येऊन साधारण ६० किलोमीटर होतात. हिशोब सोपा जावा म्हणून पेट्रोल १०० रुपये लिटर, सीएनजी ८० रुपये किलो आणि घरची वीज १० रुपये युनिट धरू. आपापल्या गावचा दर घालून हाच हिशोब प्रत्येकाने पुन्हा करावा.

साधी पेट्रोल गाडी लिटरला १५ किलोमीटर गेली, तर रोजचे ४०० रुपये. वायर न लागणारी हायब्रिड लिटरला २० गेली, तर ३०० रुपये. सीएनजीची गाडी किलोला २४ गेली, तर २०० रुपये. निव्वळ बॅटरीची गाडी युनिटला ६ किलोमीटर गेली, तर १०० रुपये.

प्लग-इन हायब्रिड दोन्ही सामान वाहते, त्यामुळे जड असते. युनिटला ५ किलोमीटर धरू. बॅटरीवर ४० किलोमीटर गेली, तर ८ युनिट लागले, म्हणजे ८० रुपये. उरलेले २० किलोमीटर पेट्रोलवर, लिटरला १६ प्रमाणे, सव्वाशे रुपये. एकूण २०५ रुपये.

म्हणजे पेट्रोलच्या मानाने निम्मा खर्च वाचला. पण सीएनजीशी तुलना केली तर जवळपास बरोबरीच झाली! आणि बॅटरीच्या गाडीपेक्षा खर्च दुप्पट आला. हा हिशोब कुणी शोरूममध्ये मांडून दाखवत नाही.

आता समजा, ही गाडी साध्या पेट्रोल गाडीपेक्षा पाच लाखांनी महाग पडली. रोज १९५ रुपये वाचले, महिन्याला २६ दिवस धरले, तर वर्षाला सुमारे ६१ हजार वाचतात. जादा दिलेले पाच लाख फिटायला आठ वर्षांवर लागतात. अशा मोठ्या बॅटरीची हमी अनेक कंपन्या ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर एवढीच देतात. म्हणजे पैसे फिटले त्याच सुमारास हमीही संपली. आणि रोजची धाव ६० ऐवजी २० किलोमीटरच असेल, तर तेच पाच लाख फिटायला १७ वर्षे लागतील.

वायर लावायचा कंटाळा

वरचा हिशोब रोज रात्री न चुकता वायर लावणाऱ्याचा आहे. आज पाहुणे आले, उद्या लाइट गेली, परवा विसरलो, असे झाले की गाडी पेट्रोलवरच चालते. आणि रिकाम्या बॅटरीचे ओझे फुकट वाहते. मग रोजचे पावणेचारशे रुपये ठरलेले.

ही आपल्याच गावची गोष्ट नाही. युरोपात अशा गाड्या लाखोंनी रस्त्यावर आहेत. तिथल्या युरोपीय आयोगाने गाड्यांमधल्याच नोंदी गोळा करून २०२४ च्या मार्चमध्ये अहवाल काढला. कागदावर जेवढा कार्बन वायू दाखवला होता, त्याच्या साडेतीन पट प्रत्यक्षात बाहेर पडत होता. कारण साधे होते. लोक ठरल्याप्रमाणे गाडी चार्ज करत नव्हते. घरोघर चोवीस तास वीज असलेल्या मुलखात ही गत, तर आपल्याकडचे काय सांगावे?

दोन बैलांची जोडी घेतली आणि वैरण एकालाच घातली, तर नांगर एकच बैल ओढणार. दुसऱ्याचा खर्च मात्र चालूच. तसेच हे आहे.

आधी घराचे सॉकेट पाहा

गाडी पाहायला जाण्याआधी घराची वायरिंग पाहा. १५ अँपियरच्या सॉकेटमधून तासाला साधारण ३ युनिट वीज गाडीत जाते, म्हणजे मोठ्या गिझरएवढा भार. गिझर दहा-पंधरा मिनिटे चालतो, गाडी तीन-चार तास सलग ओढते. जुन्या घराची बारीक वायर आणि ढिले सॉकेट अशा वेळी तापते. अर्थिंग नसेल तर धोका मोठा. परवानाधारक वायरमनकडून वेगळी जाड वायर, वेगळा एमसीबी आणि पक्के अर्थिंग करून घ्यावे. वीजबिलावर मंजूर भार लिहिलेला असतो. तो कमी असेल तर महावितरणकडे वाढवून मागावा. भिवंडीत २००७ पासून आणि मुंब्रा-कळवा-शीळ भागात २०२० पासून वीजवितरण टोरंट पॉवरकडे आहे, तिथल्यांनी टोरंटकडे जावे.

घरगुती जोडणीवर स्वतःची गाडी चार्ज करायला केंद्राच्या नियमांप्रमाणे मुभा आहे. मात्र युनिटचा दर टप्प्याने चढतो, १०० पर्यंत एक, ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत तिसरा. महिना ९० युनिट वापरणाऱ्या घरात गाडीचे २०८ युनिट वाढले की बिल २९८ वर जाते. म्हणून १० रुपये हा माझा आकडा धरून बसू नका. वहन आकार, वीज शुल्क धरून आपल्या बिलावरूनच दर काढा.

पंपाच्या मीटरवर गाडी? चुकूनही नको

आता मुद्द्याची गोष्ट. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्य सरकारच्या बळीराजा योजनेत मोफत वीज आहे. साहजिकच कुणाच्याही मनात येईल, "पंपाची लाइट फुकट, तर गाडीची वायर तिथेच टोचू!"

असे करू नका. शेतीपंपाची वीज पंपासाठीच मंजूर आहे. ती दुसऱ्या कामाला वापरणे हा विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. अनधिकृत वापर केव्हा सुरू झाला हे ठरवता आले नाही, तर मागच्या १२ महिन्यांची आकारणी होऊ शकते. शिवाय पंपाची वीज पाळीने येते. एका आठवड्यात दिवसा, दुसऱ्यात रात्री, अशा विजेवर रोजची गाडी अवलंबून ठेवता येत नाही.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. दिवाबत्तीच्या किंवा पाणीपुरवठ्याच्या जोडणीवर कुणाची गाडी, मग ती सदस्याची का असेना, चार्ज होऊ देऊ नये. गावाला चार्जिंगची सोय करायचीच असेल, तर त्यासाठी वेगळी जोडणी घ्यावी. सार्वजनिक चार्जिंग केंद्राला विद्युत कायद्याखाली परवाना लागत नाही, हे केंद्र सरकारने २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे.

घाट, कोंडी आणि पाणी

आपल्या रस्त्यांवर विजेचा गुण दिसतो तो कोंडीत. शिळफाट्यावर किंवा दुर्गाडी पुलाजवळ गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात, तेव्हा पेट्रोलचे इंजिन नुसते जळत राहते. विजेची मोटर उभ्या गाडीत जवळपास काही खात नाही. माळशेज किंवा कसारा घाट उतरताना ब्रेकमधून बॅटरीही भरते. पण वर चढतानाच ती पूर्ण भरलेली असेल, तर उतारावरची वीज साठवायला जागा उरत नाही, हेही लक्षात ठेवावे.

दोष सांगायचे तर, इंजिन आणि मोटर दोन्ही असल्याने देखभालही दोन्हींची. ऑइल बदलणे सुटत नाही. बॅटरीमुळे डिकी लहान होते, भाजीचे क्रेट मावतात का हे क्रेट नेऊनच पाहावे. गाडी भाताच्या कणगीजवळ उभी राहणार असेल, तर उंदीर वायर कुरतडतात. उल्हास नदीच्या काठच्या गावांनी तर जागा नीट पाहावी. २०१९ च्या २७ जुलैला बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती, ते कुणी विसरलेले नाही. बॅटरीवर पाणी न शिरण्याचा जो दर्जा लिहितात, तो मीटरभर पाण्यात अर्ध्या तासाचा. रात्रभर पुरात उभ्या राहिलेल्या गाडीला तो लागू नाही. अशी गाडी सुरू करू नये आणि वायरही लावू नये.

मग घ्यायचे काय?

कराचा फरकही पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून निव्वळ बॅटरीच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के, छोट्या पेट्रोल-सीएनजी गाडीवर १८ टक्के आणि मोठ्या गाडीवर, ती हायब्रिड असली तरी, ४० टक्के झाला.

ज्याची रोजची धाव ४०-५० किलोमीटर, घरी पक्के सॉकेट आणि महिन्यातून एखादी पंढरपूर-त्र्यंबकेश्वरची लांब फेरी, त्याच्यासाठी प्लग-इन हायब्रिड ही गाडी म्हणून उत्तम. उद्या ती दहा-पंधरा लाखांत आली, तर जरूर विचार करावा. पण आज ती त्या किमतीत मिळत नाही. तोवर ज्याच्या घरी लाइट आणि सॉकेट भरवशाचे, त्याने बॅटरीची गाडी पाहावी. ज्याच्या रस्त्यावर सीएनजीचा पंप आहे आणि घरची वीज बेभरवशाची, त्याला सीएनजी बरी. आणि ज्याची गाडी आठवड्यातून दोनदाच हलते, त्याने जुनीच गाडी दुरुस्त करून वापरावी आणि पैसे बँकेत ठेवावेत.

एक काम मात्र सर्वांनी करावे. पुढचा महिनाभर एक वही ठेवा. रोज किती किलोमीटर गेलो, कुठे गेलो आणि रात्री लाइट किती वेळ होती, एवढेच लिहा. महिन्याअखेरीस तीच वही सांगेल, आपल्याला कोणती गाडी परवडते. शेजाऱ्याच्या दारात कोणती गाडी उभी आहे, हे त्या वहीत लिहायचे कारण नाही.