वाशिमचा मध्यान्ह आणि मनगटावरचा सूर्य

यांत्रिक घड्याळात वेळेपलीकडच्या सोयीला ‘कॉम्प्लिकेशन’ म्हणतात. त्यातली एक दुर्मीळ सोय म्हणजे ‘इक्वेशन ऑफ टाइम’, म्हणजेच खरा सूर्य आणि घड्याळाची सरासरी वेळ यांतला रोजचा फरक. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला असल्याने फेब्रुवारीत सूर्य सुमारे १४ मिनिटे मागे पडतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १६ मिनिटे पुढे धावतो. मूत्रपिंडाच्या आकाराची एक चकती वर्षात एकदा फिरते, आणि तिच्या कडेवरून सरकणारी दांडी हा फरक काट्यापर्यंत पोचवते. २००४ साली ब्लांपां या स्विस घड्याळ कंपनीने मनगटी घड्याळात सौर वेळेचा स्वतंत्र मिनिटकाटाच बसवला.

पण वाशिममध्ये हा काटा अपुरा ठरतो. प्राचीन भारतीय ज्योतिषातली लंका-मेरू मध्यरेषा इथल्या मध्यमेश्वर मंदिराजवळून जाते, अशी परंपरागत श्रद्धा आहे; भारतीय प्रमाणवेळ मात्र ८२.५ अंश रेखांशाची. वाशिम सुमारे ७७.१ अंशांवर, त्यामुळे सरासरी मध्यान्हच १२.२१ ला होतो. म्हणून नोव्हेंबरात सूर्य १२.०५ च्या सुमारास माथ्यावर येतो, तर फेब्रुवारीत १२.३५ नंतर. ओदेमार पिगे या दुसऱ्या घड्याळ कंपनीने ग्राहकाच्या गावानुसार जुळवलेली घड्याळे केली, ती याच कारणाने मला अधिक प्रामाणिक वाटतात.

हे सारे मोबाइल फुकटात सांगतो, हा आक्षेप खराच. निव्वळ उपयोगासाठी अशा महागड्या घड्याळाला पैसे मोजणे वेडेपणाचे. मात्र मोबाइल फक्त उत्तर देतो, आणि इथे आकाशाचे गणित धातूत कोरलेले दिसते. रामनवमीला बाराच्या ठोक्याला पाळणा हलतो, तेव्हा वाशिमचा सूर्य माथ्यावर यायला अजून किमान वीस मिनिटे असतात.