पाण्याखालचा श्वास

धार आणि देवास ही पवारांची संस्थाने समुद्रापासून दूर होती. तेथे स्थिरावलेल्या मराठी घराण्यांचा पाण्याशी परिचय तलावांपुरता, क्षिप्रेपुरता, फार तर नर्मदेपुरता. तथापि धार जिल्ह्यातील बाघच्या परिसरातील चुनखडकात शिंपल्यांचे आणि इतर सागरी जीवांचे अवशेष सापडतात. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी समुद्राचा एक फाटा नर्मदेच्या खोऱ्यातून आत शिरला होता, आणि त्या उथळ, उबदार पाण्यात हे जीव नांदत होते. तसल्याच पाण्याचा तळ आज जिवंत पाहावयाचा असेल, तर माळव्यातील मंडळींनी मालवण गाठावे.

१६६४ साली शिवाजी महाराजांनी जेथे सिंधुदुर्गाचे बांधकाम आरंभले, तेथील खडकांच्या आडोशाला पाणी काही मीटरच खोल असते. याच भागात १९८७ साली सागरी अभयारण्य घोषित झाले. तेथे पाठीवर हवेची टाकी बांधून पर्यटक पाण्याखाली उतरतात. ह्या प्रकारास ‘स्कूबा’ म्हणतात. टाकीत प्राणवायू असतो अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः तीत आपली नेहमीचीच हवा दाबून भरलेली असते. खरी करामत तोंडात धरावयाच्या झडपेची. १९४३ साली फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां या दोघांनी ती सिद्ध केली. भोवतालच्या पाण्याचा जेवढा दाब, तेवढ्याच दाबाची हवा ती प्रत्येक श्वासाला पुरविते.

आणि येथेच धोक्याचे मूळ आहे. धरमपुरीला नर्मदेत श्वास रोखून बुडी मारणारा पोहणारा वरचीच हवा छातीत घेऊन जातो. खाली ती आकसते, वर येताना मूळ आकाराची होते. त्याला इजा होत नाही. स्कूबाचे गणित उलटे आहे. दहा मीटरांवर एकंदर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तेथे झडपेतून छाती भरून घेतलेली हवा, श्वास कोंडून वर आल्यास, दुप्पट जागा मागू लागते. फुप्फुसे तेवढी जागा कोठून देणार? ती फाटतात, आणि हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत पोहोचू शकतात.

‘पाणी उथळच आहे, भिण्याचे कारण काय?’ हा प्रश्न म्हणूनच फसवा आहे. तीस मीटरांवरून वीसवर येताना तीच हवा एकतृतीयांशानेच वाढते; दहावरून पृष्ठभागी येताना ती दुप्पट होते. पूर्ण भरलेल्या छातीने एक-दीड मीटर वर उसळणेही घातक ठरू शकते. चांगला पोहणारा घाबरला की सवयीने श्वास कोंडतो आणि वर धाव घेतो; नवख्याने नेमके हेच टाळावयाचे असते. श्वास अखंड चालू ठेवावा आणि सावकाश वर यावे. हा नियम शिकविल्यावाचून, खुणा समजावल्यावाचून, जो मार्गदर्शक घाईने पाण्यात लोटू पाहतो, त्याच्याबरोबर उतरू नये. पैसे बुडाले तरी चालतील!

उतरताना कान दुखू लागतात. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारली म्हणजे कानाच्या पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. सर्दी झाली असेल तर हा मार्ग बंद असतो. त्या दिवशी काठावर बसावे. दमेकऱ्यांनी व हृदयविकार असणाऱ्यांनी आधी वैद्यांचा सल्ला घ्यावा.

खाली गेल्यावर लाल रंग हळूहळू विरतो आणि सारे निळसर दिसू लागते. खडकाला चिकटलेले प्रवाळ दगडासारखे भासले तरी ती सूक्ष्म जीवांची वसाहत असते; तिची वाढ अतिशय मंद असते, आणि एका पायाच्या धक्क्याने वर्षांचे काम मोडते. माशांना खाद्य टाकून जवळ बोलावण्याची हौसही मला पसंत नाही. पावसाळ्यात समुद्र खवळलेला आणि पाणी गढूळ असते, तेव्हा हे सारे बंदच राहते. दिवाळीनंतरचे दिवस त्या मानाने बरे. तेव्हा मुलांना सुट्टीही असते.