ईमॅक्सचं बिल्ड इतकं विचित्र का?

ईमॅक्स हा एडिटर नव्या यंत्रणेवर न्यायचा म्हणजे नुसतं सी कोड कंपाइल करून भागत नाही, कारण त्याचा बराचसा भाग लिस्प भाषेत लिहिलेला आहे. बिल्डची 'मेक' कमांड चालवली की आधी 'टीमॅक्स' नावाचा अर्धवट एडिटर तयार होतो. हाच मग लिस्पच्या असंख्य फाइल्स मेमरीत चढवतो आणि ती भरलेली मेमरी डिस्कवर उतरवून ठेवतो; यालाच 'डंप' म्हणतात. प्रत्येक वेळी लिस्प नव्याने वाचत बसलो तर एडिटर उघडायला फार वेळ लागेल, म्हणून ही खटपट.

जुनी पद्धत होती 'अनएक्झेक': चालू प्रोग्रामच्या मेमरीतूनच नवी एक्झिक्युटेबल फाइल घडवायची. कल्पना भन्नाट, पण पोर्ट करणाऱ्यांच्या डोक्याला कायमचा ताप. प्रत्येक फाइल फॉरमॅटसाठी वेगळा कोड, शिवाय सुरक्षेसाठी मेमरीचे पत्ते दर वेळी बदलणाऱ्या यंत्रणांशी उभा दावा. त्यात ग्लिबसी या सी लायब्ररीने, ईमॅक्स ज्यांवर विसंबून होता त्या मॅलॉकच्या (मेमरी मिळवून देणाऱ्या फंक्शनच्या) खास सोयी काढायचं ठरवलं. ग्लिबसीवाल्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. एका एडिटरसाठी त्यांनी किती काळ थांबायचं?

अखेर 2020 च्या ईमॅक्स 27 मध्ये 'पोर्टेबल डंपर' आला. आता डंप वेगळ्या पीडंप फाइलमध्ये जातो.

तरी अँड्रॉइडवर गोची उरलीच, कारण फोनसाठी बनलेला टीमॅक्स तुमच्या लॅपटॉपवर चालणार कसा? म्हणून लिस्प कंपाइल करायला आधी लॅपटॉपसाठी ईमॅक्स बांधतात, मग फोनसाठी, आणि डंप? तो फोनवर ॲप पहिल्यांदा उघडल्यावर तयार होतो.