वायदेबाजारांतील दलाल व त्याची पारख

बाजार-आवारांतील अडत्या आमच्या शेतकरी बंधूंच्या पूर्ण परिचयाचा आहे. वायदेबाजारांतील दलाल त्याहून निराळा. अडत्या समोर आणलेला माल विकून देतो. दलाल पुढील महिन्यांत द्यावयाच्या मालाचा सौदा आज करून देतो. हा व्यापार कांहीं नवा नाहीं. मुंबईस कापसाचे वायदे १८७५ सालीं स्थापन झालेल्या व्यापारी मंडळाच्या आश्रयानें होऊं लागले. या बाजारावरील देखरेख सन २०१५ पासून सेबीकडे आहे.

वायदेबाजारांत शेतकऱ्यास स्वतः उतरतां येत नाहीं. बाजाराच्या नोंदलेल्या सभासदामार्फतच सौदा करावा लागतो. हा सभासद म्हणजेच दलाल. तो आपलें खातें उघडतो, अनामत रक्कम घेतो, आपल्या हुकमाप्रमाणें विक्री किंवा खरेदी करितो व प्रत्येक सौद्यावर दलाली आकारतो. येथें एक गोष्ट ध्यानांत धरावी. दलालाची मिळकत सौद्यांच्या संख्येवर अवलंबून असते, आपल्या नफ्यावर नव्हे. म्हणून वारंवार सौदे करावयास लावणारा दलाल आपलें हित पाहतोच असें समजूं नये.

आतां खरी अडचण कोठें येते तें पाहूं. हळदीचा एक सौदा ५ टनांचा, म्हणजे ५० क्विंटलांचा असतो. समजा, सांगलीकडील एखाद्या बागाइतदारानें पीक शेतांत असतांना भाव पडण्याच्या भीतीनें असा एक सौदा विकला. पुढें भाव क्विंटलास ६०० रुपयांनीं उतरला, तर मालांतील तूट वायद्यांतील ३०,००० रुपयांनीं बहुतांशीं भरून निघते. पण भाव तितकाच चढला, तर तेच ३०,००० रुपये त्यास भरावे लागतात, व तेही दररोजच्या हिशेबानें, रोख. पिकाची किंमत वाढली हें खरें. परंतु पीक अजून जमिनींत आहे आणि पैसा आज हवा. तो वेळेवर न भरल्यास दलाल सौदा मोडतो, आणि ज्या संरक्षणासाठीं सर्व खटाटोप केला तें ऐन वेळीं नाहींसें होतें. शिवाय सौदा मुदतीपर्यंत उभा ठेविल्यास ठरल्या प्रतीचा माल मान्य गुदामांत द्यावा लागतो.

यास्तव दलाल निवडतांना पुढील गोष्टी पाहाव्या. त्याचा सेबीकडील नोंदणी-क्रमांक मागून संकेतस्थळावर ताडून पाहावा. दलाली, कर व इतर आकार लेखी घ्यावेत. पैसे नेहमीं आपल्या बँकखात्यांतून दलालाच्या खात्यांतच भरावेत. रोख रक्कम त्याच्या मुनिमाच्या हातीं देऊं नये. प्रत्येक सौद्याची चिठ्ठी चोवीस तासांत मिळाली पाहिजे. ती बाजाराकडून येणाऱ्या संदेशाशीं ताडून जपून ठेवावी. मुखत्यारपत्र देणें ऐच्छिक आहे, सक्तीचें नव्हे. महसुली दप्तरांत आयुष्य घालविल्यावर आम्ही इतकें निश्चयानें सांगूं शकतों कीं, कोऱ्या कागदावरील सही पुढें कोणत्या कामीं येईल याचा नेम नसतो. ठराविक नफ्याची हमी देणाऱ्यास तर दारांतूनच परत पाठवावें. अशी हमी देण्यास मनाई आहे. शिल्लक रक्कम किमान तीन महिन्यांतून एकदां खात्यावर परत येते कीं नाहीं हेंही पाहावें. तक्रार असल्यास प्रथम दलालाकडे लेखी करावी. दाद न लागल्यास सेबीच्या ‘स्कोअर्स’ या व्यवस्थेकडे जावें.

ज्याचें पीक ५० क्विंटलांहून कमी आहे, त्यानें एकट्यानें या वाटेस जाऊं नये. सोसायटी किंवा उत्पादक कंपनीमार्फत चौघांचा माल एकत्र करून विचार करावा. चांगला दलाल प्रथम आपलें पीक किती, तें बाजारांत केव्हां येणार, आणि भाव चढल्यास भरण्यास पैसा जवळ आहे काय, हें विचारतो. हे प्रश्न न विचारतां जो केवळ खातें उघडण्याची घाई करितो, त्याच्याकडे आमच्या बंधूंनीं न जाणेंच श्रेयस्कर.