चिप-कार्डावर लिहिणारें यंत्र

बँकेच्या कार्डावर जो सोनेरी चौकोन दिसतो, तो पुष्कळांना केवळ शोभेचा वाटतो. वस्तुतः तो एका चिमुकल्या संगणकाचा दरवाजा होय. फ्रान्समध्यें रोलां मोरेनो यानें १९७४ सालीं अशा कार्डाचें पेटंट मागितलें. १९८३ सालीं तेथील सार्वजनिक टेलिफोनांसाठीं चिपचीं कार्डें प्रचारांत आलीं. आणि भारतांत जुन्या चुंबकपट्टीच्या कार्डांच्या जागीं चिप-कार्डें देण्यास रिझर्व्ह बँकेनें बँकांना ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत घालून दिली. येणेंप्रमाणें हें कार्ड घरोघर पोहोंचलें. परंतु चिपमध्यें मजकूर लिहिणारें यंत्र कसें असतें, व तें चांगलें कीं वाईट हें कशावरून ठरवावें, याचा विचार सहसा होत नाहीं.

या यंत्रास प्रोग्रॅमर म्हणतात. त्या सोनेरी चौकोनावर निरनिराळे स्पर्शबिंदु असतात. एकांतून वीज आंत जाते, दुसऱ्यांतून परतते. तिसरा चिपला पुन्हां पहिल्यापासून आरंभ करावयास लावतो. चौथा घड्याळाचे ठोके पोहोंचवितो. आणि पांचवा मजकुराची ने-आण करतो. या पांच वाटांनीं योग्य क्रमानें व योग्य दाबानें वीज सोडावयाची, एवढेंच प्रोग्रॅमरचें काम. तें सोपें दिसतें; पण खरें कौशल्य त्या क्रमांत आणि दाबांतच आहे.

उदाहरणार्थ, हौशी मंडळींत ‘गोल्ड कार्ड’ या नांवानें प्रसिद्ध झालेलें कार्ड घ्यावें. त्यांत पीआयसी १६एफ८४ ही चिप व तिच्या शेजारीं २४सी१६ ही २ किलोबाइटची स्मृति असते. चिपमध्यें १०२४ आज्ञा मावतात. एरवीं तिला ५ व्होल्टांचा दाब पुरतो. मात्र तिच्यांत लिहावयाचें असल्यास आरंभाच्या बिंदूवर १२ ते १४ व्होल्टांचा दाब द्यावा लागतो. हा जादा दाब कोठून आणावयाचा, येथेंच रचनेचा कस लागतो.

‘जेडीएम’ नांवाच्या लोकप्रिय रचनेनें या प्रश्नाचें उत्तर मोठ्या चातुर्यानें दिलें. तिला निराळा वीजपुरवठा लागत नाहीं. संगणकाच्या सीरियल पोर्टच्या तारांवर जो उणा व अधिक दाब असतो, त्यांच्या अंतरांतूनच ती सुमारें १३ व्होल्ट मिळविते. भाग थोडे, खर्च अल्प, विद्यार्थ्यास घरीं जुळवितां येण्याजोगी. परंतु जो गुण तोच दोष. संगणकाच्या तारा सबळ असतील तोंवर लेखन होतें. लॅपटॉपच्या किंवा यूएसबीला जोडावयाच्या अॅडॉप्टरच्या तारांवर तेवढा दाब पुष्कळदां नसतो. अशा वेळीं काम सरळ बंद पडलें तर बरें. चार अक्षरें उमटावीं आणि पांचवें अर्धवट राहावें, हा प्रकार अधिक घातक. कारण चूक लिहितांना दिसत नाहीं, कार्ड वापरतांना दिसते.

म्हणून लिहिलेलें वाचून पाहणें हा यंत्राचा दुसरा आवश्यक गुण होय. चिप बनविणारी मायक्रोचिप कंपनी याबाबतींत स्पष्ट भेद करते: जें यंत्र विजेच्या कमींत कमी व जास्तींत जास्त मान्य दाबावर मजकूर पडताळून पाहतें, तेंच उत्पादनाच्या दर्जाचें, इतर सर्व प्रयोगापुरतीं. शिवाय पडताळणी आधीं व्हावी आणि चिपमधील मजकूर परक्यास वाचतां येऊं नये म्हणून असलेलें कुलूप मागून लागावें. क्रम उलटला, तर लिहिणाऱ्यासच आपलें लेखन तपासतां येत नाहीं.

गोल्ड कार्डाच्या बाबतींत आणखी एक अडचण आहे. शेजारची स्मृति स्पर्शबिंदूंना थेट जोडलेली नसते. तिची वाट चिपमधूनच जाते. म्हणून प्रथम चिपमध्यें एक तात्पुरता निरोप्या-प्रोग्रॅम लिहावा, त्याच्या हातून स्मृति भरावी, आणि मग त्यास पुसून खरा प्रोग्रॅम लिहावा, असा तीन पायऱ्यांचा खटाटोप करावा लागतो. हीं सर्व कामें एकाच खांचेंत, कार्ड न काढतां करणारें यंत्र वापरावयास निःसंशय श्रेष्ठ.

आतां उपयोगाचा प्रश्न. युरोपांत अशीं कोरीं कार्डें दूरचित्रवाणीचीं सशुल्क चित्रें फुकट पाहण्यासाठींहि वापरलीं गेलीं, आणि त्यामुळें प्रोग्रॅमर म्हणजे चोराचें हत्यार असा समज पसरला. तो सर्वथा बरोबर नाहीं. बँकेचें किंवा सिमचें कार्ड समोरच्या यंत्रावर विश्वास टाकून कांहींहि लिहूं देत नाहीं. गुप्त किल्ली जाणणाऱ्याचीच आज्ञा तें मानतें. सिमचा पिन तीनदां चुकला कीं तें अडतें, आणि सोडवणुकीचा पीयूके अंकहि दहादां चुकला तर तें कायमचें निकामी होतें. तेथें प्रोग्रॅमर हा केवळ टांक. मोर्तब करण्याचा अधिकार त्याच्यापाशीं नसतो.

तात्पर्य, शिकण्यासाठीं स्वस्त यंत्र घेण्यास हरकत नाहीं, मात्र कार्ड कोरें व स्वतःचें असावें, आणि दाब मोजून पाहिलेला असावा. पण ज्या कार्डावर दुसऱ्याचा पैसा किंवा ओळख अवलंबून आहे, तेथें नुसतें लिहिणारें यंत्र पुरेसें नाहीं. लिहिलेलें बरोबर आहे याची खात्री देणारेंच पाहिजे.