चिमट्यांची प्रभावळ

महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर निर्बंध घातल्यानंतर घरगुती गणपतीच्या आराशीत कागद, कापड, बांबू आणि लाकूड यांना पुन्हा मान मिळू लागला. भोगावतीकाठच्या पेणला हा बदल जवळून जाणवणे स्वाभाविक होते, कारण पेण आणि परिसरातील हमरापूर, जोहे यांसारख्या गावांत मूर्तींचे कारखाने आहेत आणि मूर्ती जिथे घडते तिथे तिच्या मागची भिंत कशी दिसावी, याचा विचारही आपोआप होतो. कपडे वाळत घालण्याच्या लाकडी चिमट्यांपासून भिंतीवरची सजावट करण्याचा छंद जगभर पसरला आहे. पेण आणि रोह्याच्या घरांत त्याचे सर्वांत शोभणारे रूप म्हणजे प्रभावळ, अर्थात देवाच्या मस्तकामागे तेजोवलय म्हणून उभी केली जाणारी कमान.

स्प्रिंगच्या चिमट्याचे पेटंट अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात डी. एम. स्मिथ यांनी १८५३ मध्ये घेतले आणि १८८७ मध्ये सोलन मूर यांनी वेटोळ्याच्या तारेची सुधारणा केली. आजचा चिमटा बहुतांशी तोच आहे. क्लेस ओल्डेनबर्ग या शिल्पकाराने १९७६ मध्ये फिलाडेल्फियात सुमारे १४ मीटर उंचीचा पोलादी चिमटा उभारला, त्यामुळे या क्षुल्लक वस्तूला कलेत जागा नाही असे म्हणण्याची सोय उरलेली नाही. घरगुती कामाच्या दृष्टीने मात्र महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे: स्प्रिंग सैल पडलेला चिमटा दोरीवर निरुपयोगी ठरतो, पण त्याच्या दोन लाकडी पट्ट्या शाबूत राहतात, आणि सजावटीला लागतात त्या पट्ट्याच.

दोन्ही पट्ट्या विरुद्ध दिशांना पिळल्या की स्प्रिंग निसटते. ती उडून डोळ्याला लागू शकते, म्हणून हे काम मुलांकडे सोपवू नये. साधारण ७ सेंटिमीटर लांब आणि १ सेंटिमीटर रुंद अशा पट्ट्या सूर्यकिरणांप्रमाणे लावायच्या असतील, तर आतल्या वर्तुळाचा व्यास २४ सेंटिमीटर धरल्यास परिघ सुमारे ७५ सेंटिमीटर भरतो, म्हणजे पूर्ण वर्तुळाला ७५ पट्ट्या, अर्थात ३८ चिमटे लागतात. खालचा तिसरा हिस्सा मूर्तीसाठी मोकळा सोडला तर पंचवीस चिमट्यांत काम भागते. आतली टोके एकमेकांना भिडवली की बाहेरची टोके आपोआप अर्ध्या सेंटिमीटरहून थोडी अधिक फाकतात. पट्टीची सपाट बाजू खालच्या गोल कड्यावर चिकटवावी आणि खाचांची बाजू वर ठेवावी, म्हणजे समईच्या उजेडात त्या खाचांच्या सावल्यांची नक्षी उमटते. विकतच्या कागदी प्रभावळीत ती गंमत नसते.

खरी अडचण हवेची आहे. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो आणि गणेशोत्सव नेमका त्याच्या शेवटी असतो. अशा दमट हवेत पुठ्ठ्याचे कडे पाणी शोषून वाकते, लाकडावर बुरशी चढते, साधा पांढरा गोंद मऊ पडतो आणि लोखंडी तार गंजून भिंतीवर तांबूस ओघळ सोडते. म्हणून कड्यासाठी पुठ्ठ्याऐवजी पातळ प्लायवूड घ्यावे, पाण्याला टिकणारा गोंद वापरावा आणि पट्ट्या कापून-घासून वैशाखाच्या उन्हात खडखडीत वाळवून ठेवाव्यात. जुलैत हौस आली म्हणून बसले तर ओल लाकडात कोंडली जाते आणि रंगाला पोपडे सुटतात. नैऋत्येकडून येणाऱ्या पावसाचा मारा पश्चिमेच्या भिंतींवर होत असल्याने तिथे सजावट टांगूच नये, आणि इतरत्रही कड्यामागे लाकडाचे छोटे ठोकळे लावून भिंत व कडे यांत बोटभर फट ठेवावी, म्हणजे हवा खेळती राहते.

रंगाच्या बाबतीत पेणच्या कारखान्यांची पद्धत अनुकरणीय आहे. तिथे आधी मूर्तीला सपाट पांढरे अस्तर देतात, मग अंगाचा रंग, मग वस्त्रे आणि दागिने, आणि डोळ्यांची आखणी, म्हणजे बारीक कुंचल्याने नेत्र रेखण्याचे काम, सरावलेल्या हाताकडे शेवटी येते. चिमट्यांच्या पट्ट्याही चिकटवण्यापूर्वी सुट्या रंगवाव्यात, कारण नंतर कडांपर्यंत कुंचला पोचत नाही. सोनेरी रेघ मात्र सर्वांत शेवटी ओढावी. सगळीच प्रभावळ सोनेरी केली तर ती मूर्तीशी स्पर्धा करू लागते, म्हणून गेरूचा किंवा हळदीचा शांत रंग अधिक शोभतो.

अखंड चिमट्यांचा उपयोग सोपा आहे: सुतळीवर ते अडकवून त्यांत घरच्यांची छायाचित्रे लावावीत. कोकण रेल्वेचा मार्ग जिथून सुरू होतो त्या रोह्यात धावीर महाराजांच्या पालखीचा उत्सव दसऱ्याच्या सुमारास होतो, तेव्हा प्रभावळ उतरवलेल्या भिंतीवर ही सुतळी, मध्ये भाताच्या लोंब्यांची जुडी अडकवून, सहज चालते. प्रभावळ साठवायची म्हणून तिचे कडे माथ्याशी कापून दोन तुकड्यांतच करावे आणि मागून पट्टी स्क्रूने जोडावी, कारण माळ्यावरच्या पेटीत अखंड कमान मावत नाही.