हिरवी खाडी म्हणजे निरोगी खाडी?

नरोलीला समुद्र कुठे, असं कुणीही विचारेल. पण सिल्वासा-नरोलीकडून वाहणारी दमणगंगा पुढे वापीवरून नानी दमण आणि मोटी दमण यांच्या मधून अरबी समुद्राला मिळते, आणि मुखाकडच्या पट्ट्यात दिवसातून दोनदा भरतीचं पाणी आत शिरतं. अशा खाडीची तब्येत ठरवताना नजर आधी तिवरांवर जाते. झाडं हिरवीगार, म्हणजे सगळं आलबेल! सरकारी आकडेही हाच समज पक्का करतात. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांत शेजारच्या महाराष्ट्रातली कांदळवनं २०१९ साली ३२० चौरस किलोमीटर होती, २०२१ साली ३२४ झाली, म्हणजे सुधारणा झाली असं आपण धरून चालतो. उपग्रहाला मात्र वरून पानं दिसतात, मुळाखालचा चिखल दिसत नाही. त्यातून साधं तिवर खारटपणाही सोसतं आणि घाणही. ठाणे खाडीत त्याचंच राज्य आहे. गाळ साचून खाडी उथळ झाली की ते मोकळ्या चिखलावर पुढे सरकतं. नकाशावर क्षेत्र वाढतं आणि चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांची जागा तेवढीच घटते. वाढलेला आकडा इथे बिघाडाची खूणही असू शकतो.

पक्ष्यांचंही तसंच. ठाणे खाडी २०१५ साली रोहित पक्ष्यांचं अभयारण्य झाली, २०२२ साली रामसर यादीत गेली, आणि गुलाबी थवे हेच स्वच्छ पाण्याचं प्रमाणपत्र ठरलं. लहान रोहित प्रामुख्याने सूक्ष्म शेवाळावर जगतो, आणि सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ चांगलं माजतं. तेव्हा थवा मोठा म्हणून पाणी चांगलं, असं म्हणता येत नाही. उलट सडक्या अंड्यासारखा वास आला की लोक नाक दाबून प्रदूषणाच्या नावाने बोटं मोडतात, पण प्राणवायू नसलेल्या खाऱ्या चिखलात जिवाणू गंधकयुक्त वायू सोडतातच. चिखलाचा एक काप उभा कापून पाहावा. वर तपकिरी पातळ थर, खाली काळा, आणि खेकड्यांच्या बिळांच्या कडेने तपकिरी रेघा खोल उतरलेल्या असतील तर चिखलात हवा खेळते आहे. काळा थर पार वरपर्यंत आला असेल आणि बिळं, खुबे, निवट्या दिसतच नसतील, तर मात्र काळजीचं कारण आहे.

मग पाण्याचा एक नमुना तपासला की झालं, असं वाटेल. खाडीत ते चालत नाही. भरतीला समुद्राच्या पाण्याने घाण विरळ होते, ओहोटीला नदीने आणलेलं उघडं पडतं. उधाणाचं पाणी जिथवर चढतं तिथवर भांगाचं, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या कमजोर भरतीचं, पोचत नाही. प्राणवायूही शेवाळामुळे दुपारी भरपूर आणि पहाटे अगदी कमी असू शकतो. जागा, तिथी, भरतीची वेळ यांची नोंद नसलेल्या आकड्यावरून काही ठरवू नये. यावर आक्षेप येतो की इतकं मोजायला पैसा कुठून आणायचा, उपग्रह स्वस्तात सगळा किनारा दाखवतो. तो दाखवतो हे खरंच, आणि कुठे जाऊन पाहायचं ते त्यानेच सांगावं. पण ठरलेल्या चौकोनात बिळं आणि श्वसनमुळं मोजायला, क्षारता पाहायला, रोवलेल्या दांड्यावर गाळ किती चढला ते वाचायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. लागतं ते वर्षानुवर्षं त्याच जागी परत जाणं, आणि आपल्याकडे नेमकं तेच होत नाही.

दमणच्या मुखाची तपासणी दमणपुरती ठेवणं हाही गैरसमजच. वापीतलं प्रक्रिया केलेलं औद्योगिक सांडपाणी याच नदीत येतं, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९च्या प्रदूषण निर्देशांकात वापीला ८८.०९ गुण होते. गुण जास्त तितकं प्रदूषण जास्त. वर मधुबन धरण गोडं पाणी आणि गाळ अडवतं. गोडं पाणी घटलं की क्षारता वाढते, गाळ घटला की चिखलपट्टा चढत्या समुद्रापुढे टिकत नाही. म्हणून मुखाकडच्या क्षारतेच्या नोंदीशेजारी त्या दिवशीचा धरणाचा विसर्ग लिहिलेला हवा. तो नसेल तर पाणी खारट झालं एवढंच कळेल, पाऊस कमी झाल्याने की दरवाजे बंद असल्याने, हे कळणार नाही.